चषकावरची अक्षरे



चांदीचा जुना चषक हाती आला की आपण आधी त्याचे वजन पाहतो. माझे म्हणणे असे की, आधी त्यावरची अक्षरे वाचावीत.

पलटणींमध्ये चांदीची भांडी भेट देण्याची जुनी रीत आहे. लढाई जिंकली, अधिकाऱ्याची बदली झाली किंवा नेमबाजीत कोणी पहिला आला, की पेला घडवून त्यावर नाव, पलटण आणि साल कोरायचे. इंग्लंडमध्ये घडलेल्या पेल्यावर चालत्या सिंहाचा बारीक छाप असेल, तर चांदी ९२.५ टक्के शुद्ध समजावी. शेजारचे एक अक्षर घडणीचे साल सांगते.

अशा भेटीच्या चांदीचा एक मोठा संच आपल्या मुलखाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे अकोल्याकडील अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. आपला सौंसर-पांढुर्ण्याचा भाग तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. या विजयाबद्दल वेलस्लीच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी त्याला दोन हजार गिनींची भेट देऊ केली. आधी सोन्याचा कलश ठरला होता, नंतर त्याऐवजी सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी दिली. ‘डेक्कन सर्व्हिस’ नावाचा तो संच आज लंडनच्या अ‍ॅप्सली हाउसमध्ये आहे.

पण त्यात मान झाला तो सेनापतीचा. त्याच्या बाजूने लढलेले बहुसंख्य शिपाई हिंदीच होते. समोर भोसल्यांचे शिपाई पडले, गाविलगड लढवताना किल्लेदार बेनीसिंग पडला. त्यांच्यासाठी कोणी पेला घडवला नाही. चांदी खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगते.

जे कोरलेले असते ते मात्र टिकते. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. ती त्यांची आहे हे कळते, कारण पात्यावर देवनागरीत त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे. अक्षरे पुसली असती, तर ती इतर जुन्या तलवारींसारखीच एक ठरली असती.

चांदीचे भाव वाढले की जुनी भांडी सराफाकडे मोडीत जातात. अडचणीच्या वेळी मोडावी लागली तर त्यात लाज नाही. पण आजोबांना फौजेत किंवा खेळात मिळालेला पेला किंवा पदक देण्याआधी त्यावरची अक्षरे उतरवून घ्या, फोटो काढा आणि ते कशाबद्दल मिळाले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. विश्वस्तांनी यासाठी शाळेच्या वाचनालयात एक नोंदवही ठेवावी. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या इतिहासाची सुरुवात या वहीपासून करता येईल.

आणि यापुढे कबड्डीचा चषक मिळाला, तर त्यावर नुसते शाळेचे आणि कर्णधाराचे नाव नको. राखीव खेळाडूंसह साऱ्या संघाची नावे कोरावीत. जागा कमी पडली, तर अक्षरे लहान करावीत.