चार झडपांची खिडकी

शहाडचे आमचे बैठे घर या ईदनंतर रिकामे करायचे ठरले. बिल्डरच्या माणसाने निरोप दिला, दारे-खिडक्या हव्या असतील तर जुम्म्यापर्यंत काढून न्या, शनिवारी तोडकाम सुरू. भंगारवाल्याने गज हलवून पाहिले. "लोखंड किलोवर घेईन. लाकूड बंबात जाईल, त्याचे काय पैसे?" सहा खिडक्यांचे बाराशे रुपये. आम्ही होकार देऊन बसलो होतो. अम्मी तेवढ्या काही बोलल्या नाहीत.

त्यांच्या खाटेशेजारची खिडकी चार झडपांची, दोन वर, दोन खाली. खालच्या लावायच्या, वरच्या उघड्या ठेवायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले दिसत नाही, वारा मात्र थेट येतो. त्या खिडकीपाशी बसून अम्मींनी मोहल्ल्यातल्या मुलींच्या दोन पिढ्यांना नाजरा कुरआन शिकवला. नव्या फ्लॅटला सरकत्या खिडक्या आहेत. त्या एका वेळी अर्ध्याच उघडतात, आणि पडदा ओढला की वाराही बंद. इतकी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली ती फ्लॅटचे पैसे भरून झाल्यावर!

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले एक ओळखीचे मिस्त्री बोलावले. त्यांनी चौकटीवर दोन हात रंधा मारला आणि ऑइलपेंटच्या थरांखालून सोनेरी साग निघाला. "मुरबाड-शहापूरकडचा असणार. इतका मुरलेला आता दुकानात मागून बघा." वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड सहसा वाकत-फुगत नाही, म्हणून जुन्या सागाला सुतार हात जोडतात. एका चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात मात्र बोट आत जात होते. 26 जुलै 2005 ला पुराचे पाणी तिथवर चढले होते. भिंती वाळल्या, लाकूड आतून कुजत राहिले. मिस्त्रींनी तेवढाच तुकडा कापून नवा सांधला.

आता आमची चूक. मुले पत्र्याने रंग खरवडायला बसली तेव्हा आम्ही त्यांना शाबासकी दिली. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे किती, हे नुसते पाहून कळत नाही, आणि त्याची धूळ सर्वांत जास्त नडते ती लहान मुलांना आणि गरोदर बाईला. तेव्हा असा रंग कोरडा खरवडू नये. पाणी मारून, ओल्या पॉलिशपेपरने, मोठ्या माणसाने मास्क लावून काढावा. जागा ओल्या फडक्याने पुसावी. आणि हो, रंगवलेले लाकूड बंबात तर मुळीच घालू नये. भंगारवाल्याच्या सौद्यात हेही होते.

बेलापूरला 'कोलाज हाउस' नावाचे एक घर आहे, एस प्लस पीएस आर्किटेक्ट्सने बांधलेले. पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या गोळा करून त्याच्या दर्शनी भागाचा एक अख्खा कोपरा उभा केला आहे. भाचीने फोटो दाखवला तेव्हा "भंगार, भंगार" करणारा आमचा थोरलाही गप्प झाला. तसे घर आपल्या आवाक्यातले नाही, आणि जुन्या खिडकीने पैसे वाचतात या भ्रमातही कोणी राहू नये. मजुरी धरता आम्हाला ती नव्या सरकत्या खिडकीपेक्षा महाग पडली. पण इस्राफ म्हटले की आपण फक्त ताटातल्या भाताबद्दल बोलतो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम स्वतःच्या चपला स्वतः सांधत, हे प्रत्येक मदरशात शिकवले जाते.

मशिदीचे नूतनीकरण निघाले असेल तर आणखी सांभाळून. तिथल्या चौकटी कोणा विश्वस्ताच्या खासगी मालकीच्या नसतात. त्या विकल्या तर पैसा त्याच मशिदीत लागला पाहिजे. आधी जाणकार मौलानांना विचारावे आणि पावती ठेवावी.

आमच्या सहापैकी दोन खिडक्या नणंदेकडे भिवंडीला गेल्या, तिघींच्या झडपा स्वयंपाकघरातल्या कपाटांना लागल्या. अम्मींची खिडकी बाहेरच्या भिंतीत बसवायला सोसायटीने नाही म्हटले. मग इंजिनिअरला विचारून, भार नसलेल्या आतल्या भिंतीत, हॉल आणि त्यांची खोली यांच्या मध्ये ती बसवली. खालच्या झडपा लावलेल्या, वरच्या उघड्या. असरनंतर शेजारच्या दोन मुली सिपारा घेऊन येऊ लागल्या आहेत.