सागवान बुडाले, पांगारा तरंगला

आमच्या घरात दोन भाषांचा घोळ रोजचाच. पण गेल्या सुटीत एका शब्दाने भलतीच गंमत केली. चिरंजीव आठवीत. आजोळी गेला होता, गोकाक तालुक्यात, घटप्रभेच्या काठी. मामा, म्हणजे माझे सासरे, त्याला म्हणाले, "गाळ तगोंड बा." पोरगा बादली घेऊन नदीतला चिखल आणायला निघाला! मामांना हवा होता गळ. कन्नडमध्ये गळाला 'गाळ' म्हणतात, हे मलाही त्याच दिवशी कळले.

त्याआधी आमची फजिती होऊन गेली होती. विकतचा प्लास्टिकचा मासा पहिल्याच दिवशी खडकात अडकून गेला, म्हणून घरीच लाकडाचा करायचे ठरवले. जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा होता. बापलेकांनी दोन दिवस घासून, रंगवून मासा केला. दिसायला देखणा! पोटाला शिसे, खाली दोन गळ. पाण्यात टाकला आणि तळाशी गेला, तो परत आलाच नाही.

मामा नातवाशी फारसे बोलत नसत. याचे कन्नड मोडके, त्यांचे मराठी तसेच. पण हे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "हगुर इरबेकु." हलके पाहिजे!

मंडळी, चौकटीला जे लाकूड उत्तम, ते या कामाला उत्तम नव्हे. सागाचे वजन घनफुटाला सुमारे १८ किलो. परदेशात यासाठी नावाजलेले दक्षिण अमेरिकेचे बाल्सा जेमतेम साडेचार किलो. नुसता साग तरंगतो, पण शिसे आणि गळ लागले की बुडतो. पाठ हलकी आणि पोट जड असेल, तरच मासा सरळ राहतो आणि ओढताना खऱ्यासारखा डुलतो. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये पहिला मासा केला तो चक्क बुचाचा, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळून!

आपल्याकडे बाल्सा कशाला? मामांनी गोठ्याच्या माळ्यावरून पांगाऱ्याची वाळलेली फांदी काढली. त्यांचा 'हालिवाण'. बांधावरचे हे काटेरी झाड. सावंतवाडीची खेळणी पूर्वी याच्याच लाकडाची होत. सावर, त्यांचा 'बूरुग', हीही हलकी, पण फार मऊ आणि लवकर कुजणारी. आंबा, म्हणजे 'मावु', या दोघांपेक्षा जड. शिवण मात्र मधली: कोरायला सोपी, सहसा वाकत नाही. आणि तिचे नाव दोन्ही भाषांत जवळपास एकच!

मामांचे नियम साधे. गाठ नको, रेषा सरळ हव्यात. ओले लाकूड घेऊ नका, सुकताना आकसते आणि रंग तडकतो. मऊ लाकडात स्क्रू उपटून येतो, म्हणून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच तार घाला. रंगाआधी शिसे व गळ रबराने बांधून बादलीत सोडा. पाठ पाण्याच्या जरा वर राहिली की बेत जमला. मग दोन-तीन हात वार्निश द्या. रेषा कापल्या जातात त्या दोन टोकांना जास्त, कारण पाणी तिथूनच शिरते. गळ शेवटी लावा, आणि मुलांच्या हाती देताना टोकावर बूच बसवा.

मामांचे गुडघे आता नदीपर्यंत जाऊ देत नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले. तासाभराने पोरगा धावत आला. हातात मासळी नव्हती, रंग उडालेला लाकडी मासा होता. लांबूनच ओरडला, "अज्जा, तेलतैति!"

तरंगतोय! मामांनी त्याला जवळ बसवून घेतले. पुढे दोघे बराच वेळ बोलत होते. मला त्यातले निम्मेच कळले.