तलमडुगुला आलात तर बाजार कुठे कराल?

सुट्टीत आमच्या गावी यायचे म्हणणारे मित्र महाविद्यालयात बरेच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न, "तलमडुगु आले कुठे?" आणि दुसरा, "तिकडे खरेदीला काय?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत. कचेरीत तेलुगू, पुष्कळ घरांत मराठी, आणि माझ्यासारख्याचे शिक्षण मराठी शाळेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यात माझे थोडे भांडण आहे.

पाहुणा आला की यजमान त्याला मोठ्या कौतुकाने आदिलाबादला नेतात. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर होती. कापसाची मोठी बाजारपेठ, शेजारून नागपूर-हैदराबाद हमरस्ता. कापड, चपला, मोबाईल, मिक्सर, काय हवे ते मिळते. पण वाचकहो, तेच सगळे आपल्या येथील मुख्य रस्त्यावरही मिळते. छापील किंमतही तीच! त्याच कंपनीचा सदरा घ्यायला एवढा प्रवास कशाला करावा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाचा 1931 सालचा सिद्धान्त आठवत असेल. दोन शहरांच्या मधल्या गावातील गिऱ्हाईक प्रत्येक शहर आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढते. आमचे तलमडुगु असेच ओढाताणीतले गाव. एका बाजूला आदिलाबाद, दुसऱ्या बाजूला नांदेड जिल्ह्यातील किनवट. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाता-येता किनवटचा बाजार होतो, एवढाच काय तो त्या बाजूचा आधार. आदिलाबाद मोठे आणि जवळचेही, म्हणून रायलीच्या गणितात तेच जिंकते. त्यातच 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात महिलांना सरकारी साध्या व एक्सप्रेस बसचा प्रवास मोफत झाला. ही सवलत मला पसंत आहे. ज्या बायका वर्षातून दोनदा शहर पाहत त्या आता सहज दवाखान्याला, लेकीच्या वसतिगृहाला जाऊन येतात. पण रायलीच्या सूत्रातील अंतर म्हणजे भाडे आणि वेळ. त्यातील भाडे गेले, आणि गावच्या बाजाराची उरलीसुरली ढाल गेली. पाव किलो जिऱ्यासाठीसुद्धा शहर परवडू लागले.

याचा फटका कोणाला बसतो? आमच्याकडची शेती मुख्यतः कापसाची. पैसा घरात येतो तो दिवाळीनंतर, कापूस विकला गेल्यावर. मृगापासून दिवाळीपर्यंत तेल-मीठ, वह्या-पुस्तके, औषधपाणी हे गावच्या दुकानदाराच्या खातेवहीवर चालते. हा दुकानदार कोणी दानशूर कर्ण नव्हे. उधारीचे व्याज तो भावात लावतो, हे आम्हां वाणिज्यवाल्यांना वेगळे सांगायला नको. आदिवासी भागात व्यापारी-सावकारांनी एके काळी जे केले त्यामुळेच 1956 साली गिरिजन सहकारी महामंडळ स्थापन करावे लागले. ते वनोपज विकत घेते आणि गरजेच्या वस्तू आपल्या डेपोतून विकते. तरीही आज अडीअडचणीला रात्री दार वाजवता येते ते याच दुकानाचे. शहरातील चकचकीत दुकान हप्त्याने फ्रिज देईल, पण पावसाळ्यात गोडे तेल उधार देणार नाही. रोखीचे गिऱ्हाईक शहरात आणि उधारीचे तेवढे गावात, अशी वाटणी झाली तर हे दुकान किती वर्षे टिकेल? भांडवल फिरले नाही तर खातेवही मिटते. म्हणून माझे म्हणणे असे की, पाहुण्याने आपली रोकड आपल्या यजमानाचे खाते जिथे आहे तिथेच खर्च करावी. मग ती पन्नास रुपयांची का असेना!

नंतर आमच्या भागातला एखादा आठवडी बाजार पाहावा. येथील कन्नड मित्रांना एक गंमत सांगतो. तुम्ही 'अंगडी' म्हणता ते दुकानाला. आमच्याकडचे तेलुगू लोक आठवडी बाजारालाच 'अंगडी' म्हणतात. तुमचा 'कोसरू', म्हणजे मापावर घातलेली चिमूटभर जास्त वस्तू, तोही तेलुगूत 'कोसरू'च. मराठीत आपण नुसते "वरून थोडे घाला" म्हणतो, आणि तेही चालते. कोलाम बाईकडची बांबूची टोपली घ्यावी, तूर-ज्वारी घ्यावी, लाल मिरची घ्यावी. आमच्याकडील आंध आदिवासींची बोली मराठीच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाजारात ते कानांनी कळते. महाराष्ट्रात 2022 साली दुकानांच्या मराठी पाट्यांचा कायदा कडक झाला, कर्नाटकात 2024 साली पाटीवर साठ टक्के कन्नडचा कायदा आला. दोन्ही सरकारांची इच्छा चांगलीच असेल. पण आठवडी बाजारात पाटीच नसते, आणि एकाच ढिगाभोवती तेलुगू, मराठी, गोंडी असा व्यवहार चाललेला असतो. सीलबंद पुड्यावर किंमत छापलेली असली की तोंड उघडावे लागत नाही. बाजारात ते उघडावेच लागते.

घासाघीस जरूर करावी, पण बेताने. शहरात बाराशेच्या सदऱ्याला मुकाट्याने पैसे देणारे लोक टोपलीवाल्या बाईशी दहा रुपयांसाठी पाऊण तास हुज्जत घालतात, तेव्हा मला लाज वाटते.

भेटवस्तूच न्यायची असेल तर थोडी पायपीट करा. सुमारे 80 किलोमीटरवर निर्मल आहे. तेथील नकाश कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची फळे, पक्षी, प्राणी करतात. सांधे जुळवायला भुसा आणि चिंचोक्याची खळ. त्यांची सहकारी संस्था आहे, तिथूनच घ्या. उशेगावचे वोज कारागीर मेणाच्या साच्यावरून पितळेची ढोकरा मूर्ती ओततात. आदिलाबादच्या ढोकऱ्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. उटनूरला आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहाच्या फुलांचे लाडू करते. मोह म्हटले की ज्यांना दारूच आठवते त्यांनी ते अवश्य खाऊन पाहावेत.

येताना सुटे पैसे आणि कापडी पिशवी आणा. तेलुगूतला एकच शब्द पाठ केलात तरी पुरे: 'एंता', म्हणजे केवढ्याला. उत्तर बहुधा मराठीतच येईल.