परग्रहावरच्यांचा देव कोणता?

मुलांनो, गेल्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात ग्रहमालेचा तक्ता लावला होता. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ म्हणून झालं. कुठे हवा आहे, कुठे पाणी आहे, असं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला. "बाई, दुसरीकडे कुठे माणसं असली, तर देवाचं आपल्याकडे लक्ष राहील का हो?"

वर्ग हसला, पण मला काही हसू आलं नाही. कारण हाच प्रश्न मोठमोठ्या धर्मपंडितांनी शेकडो वर्षं एकमेकांना विचारला आहे. त्यांचे शब्द जड होते, एवढंच. आतली धाकधूक मात्र अगदी हीच. देवाने हे सगळं आपल्यासाठी केलं असं माणूस धरून चालला होता. मग आकाशात आणखी कोणी निघालं, तर आपण त्याचे कोण?

आधी एक गोष्ट पक्की करून टाकू या. पृथ्वीबाहेर कुठेही सजीव असल्याचा खात्रीचा पुरावा अजून मिळालेला नाही. बुद्धिमान प्राणी सोडा, साध्या जंतूचाही नाही. सापडले आहेत ते ग्रह. १९९५ साली मिशेल मेयर आणि डिडिए क्वेलो या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांना सूर्यासारख्याच दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. २०२२ साली अशा ग्रहांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली. म्हणजे घरं पुष्कळ दिसली आहेत, आत कोणी राहतं का ते ठाऊक नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त टोचला तो युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांना. का टोचला, ते नीट समजून घ्या. त्यांची श्रद्धा अशी, की पहिला मनुष्य आदाम याच्या हातून पाप घडलं आणि त्याचा डाग सगळ्या मानवजातीला लागला. तो पुसायला देव स्वतः येशूच्या रूपाने माणूस झाला आणि क्रुसावर मरण पावला. एकदाच, आणि आपल्या याच पृथ्वीवर. आता बघा, दूरच्या एखाद्या ग्रहावर शहाणेसुरते लोक राहत असतील, तर ते काही आदामची लेकरं नव्हेत. मग त्यांना तो डाग लागला का? लागला असेल तर तो पुसायला कोण गेलं? थॉमस पेन या लेखकाने १७९४ साली यावरून चिमटाच काढला होता. त्याचं म्हणणं, असं असेल तर देवाच्या पुत्राला एका जगातून दुसऱ्या जगात जायचं आणि मरायचं, यापलीकडे कामच उरणार नाही!

तुम्हाला वाटेल, चर्चने पहिल्यापासून 'दुसरी जगं नाहीत' असंच सांगितलं असणार. गंमत म्हणजे सुरुवात उलटी झाली. ग्रीसचा जुना तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल म्हणत असे, की जड वस्तू विश्वाच्या मध्याकडे पडते, मध्य एकच असतो, म्हणून जगही एकच असू शकतं. पॅरिसच्या विद्यापीठात हेच शिकवायचे. १२७७ साली पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी २१९ मतांची यादी काढली आणि ही मतं शिकवायची नाहीत, अशी तंबी दिली. त्या यादीत एक मत होतं, की देव अनेक जगं निर्माण करू शकत नाही. बिशपना राग कशाचा आला? दुसरी जगं आहेत की नाहीत, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. 'देवाला जमत नाही' असं सांगणारा ॲरिस्टॉटल कोण, हा त्यांचा मुद्दा! पण त्यामुळे एक दार किलकिलं झालं.

त्या दारातून निकोलस ऑफ क्यूसा हे धर्मपंडित आत शिरले. सूर्य, चंद्र, तारे सगळीकडे रहिवासी असतील, असं त्यांनी १४४० साली आपल्या ग्रंथात लिहिलं. काय झालं त्यांना? काही नाही. १४४८ मध्ये ते कार्डिनल झाले, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान.

मग दीडशे वर्षांनी जोर्दानो ब्रूनो आला. हा इटलीतल्या नोला गावचा, मूळचा धर्मगुरू, जिभेला लगाम नसलेला. प्रत्येक तारा म्हणजे एक सूर्य, त्यांच्याभोवती आपल्यासारख्या अगणित पृथ्वी, आणि त्यांवरही जीव राहतात, असं तो सांगत फिरला. १५९२ साली व्हेनिसमध्ये त्याला पकडलं. पुढची सात-आठ वर्षं तुरुंगात गेली, आणि १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममधल्या काम्पो दे फ्योरी या चौकात त्याला जिवंत जाळलं. 'परग्रहावर लोक आहेत असं म्हणाला, म्हणून जाळलं' असं पुष्कळ ठिकाणी एका ओळीत लिहिलेलं असतं. एवढं सोपं नव्हतं ते. खटल्याचे सगळे कागद आज उरलेले नाहीत. पण जो सारांश उरला आहे त्यात अनेक जगांचं मत हा एक आरोप आहे आणि येशूच्या देवत्वावर शंका घेतल्यासारखे बाकीचेही आरोप आहेत. कुठला आरोप किती जड ठरला, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझ्या मते त्या भांडणाने फार फरक पडत नाही. विचारासाठी जाळलं, मग तो विचार ताऱ्यांचा असो की देवाचा. त्या चौकात १८८९ साली ब्रूनोचा पुतळा उभा राहिला. खाली आता भाजीबाजार भरतो.

पुढे दुर्बिणी आल्या, आणि वाद आगीकडून कागदावर आला. इंग्लंडमध्ये १८५३ साली विल्यम ह्यूएल यांनी एक पुस्तक लिहिलं, तेही नाव न घालता. हे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख, स्वतः धर्मगुरू. 'सायंटिस्ट' हा इंग्रजी शब्द यांनीच घडवला. ते म्हणाले, बाहेर कोणी नाही. त्यांना दुसऱ्याच वर्षी पुस्तकानेच उत्तर दिलं स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी. जत्रेत काचेच्या तुकड्यांची नक्षी दाखवणारी नळी मिळते ना, कॅलिडोस्कोप, तिचे जनक हेच. ब्रूस्टरही तितकेच श्रद्धाळू. ते म्हणत, देव काहीही फुकट घालवत नाही. एवढा अजस्र गुरू ग्रह केला, त्याच्या रात्री उजळायला चंद्र दिले, ते कोणासाठी? तिथे कोणी असलंच पाहिजे! यावर ह्यूएल यांचं म्हणणं असं: भूगर्भशास्त्र सांगतं की ही पृथ्वी माणूस येण्याआधी युगानुयुगं माणसाशिवायच होती. एवढा काळ देवाने मोकळा जाऊ दिला, तर एवढी जागा मोकळी का ठेवणार नाही?

देव एक, धर्मग्रंथ एक, आणि उत्तरं दोन! मला विचाराल तर ब्रूस्टर यांचं मन मोठं होतं, पण मुद्दा ह्यूएल यांचा बिनतोड होता. गुरूवर तर उभं राहायला जमीनही नाही, हे आज आपल्याला माहीत आहे.

आता अलीकडचं ऐका. पोपची स्वतःची वेधशाळा आहे, रोमजवळ कास्तेल गांदोल्फो इथे. तिची एक दुर्बीण अमेरिकेत ॲरिझोनाच्या डोंगरावर आहे. तिथले बरेचसे खगोलशास्त्रज्ञ जेझुइट पंथाचे धर्मगुरू असतात. २००८ साली तेव्हाचे संचालक होसे गाब्रिएल फुनेस यांनी व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्राला मुलाखत दिली. परग्रहावरचा जीव हाही देवाने केलेला, म्हणून आपला भाऊच, असं त्यांनी सांगितलं. शिवाय कदाचित त्यांनी पाप केलंच नसेल, देवाशी त्यांची मैत्री कधी तुटलीच नसेल, असंही ते म्हणाले. पाहिलंत? ज्या कोड्याने एवढी वर्षं छळलं, ते त्यांनी दुसऱ्या टोकाने उचललं. सगळ्यांना आपल्यासारखं पापी का धरायचं?

त्यांच्यानंतरचे संचालक गाय कॉन्सोलमॅग्नो यांना लोक सारखं विचारत, की परग्रहवासी भेटला तर त्याला बाप्तिस्मा देणार का? म्हणजे ख्रिस्ती करून घेणार का? त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: तिने मागितला तर! याच प्रश्नाचं नाव देऊन त्यांनी २०१४ साली एका सहकाऱ्याबरोबर पुस्तकही काढलं.

आणि आपल्याला आवडेल अशी बातमी म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून या वेधशाळेचे संचालक आहेत रिचर्ड डिसूझा. जन्म पुण्याचा, आणि जेझुइटांच्या गोवा प्रांतातले. आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेने फार पूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली होती, असं ज्या संशोधनातून २०१८ मध्ये पुढे आलं, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

मग बाकीच्या धर्मांचं काय? तिथे हा काटा एवढा रुतलाच नाही. कुराणात अल्लाहचं वर्णन सर्व जगांचा पालनकर्ता असं येतं, 'जगां'चा, अनेकवचनात. १२१० साली वारलेले पंडित फख्रुद्दीन राझी यांनी म्हटलं, की अल्लाहने मनात आणलं तर तो हजारो जगं करू शकतो. बौद्ध परंपरेत विश्वांची मोजदादच नाही. जैन मानतात, की आपल्याला पोचता येत नाही अशा महाविदेह क्षेत्रात आजही तीर्थंकर आहेत. आणि आपल्याकडे मठा-मंदिरांत 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' असा जयजयकार होतोच! ब्रह्मवैवर्त पुराणातली गोष्ट तर फार छान आहे. इंद्र मोठ्ठा महाल बांधून घेत असतो. एक लहान मुलगा तिथे येतो, जमिनीवरून चाललेली मुंग्यांची रांग बघतो आणि खुदकन हसतो. इंद्र कारण विचारतो. तेव्हा तो सांगतो, यातली एकेक मुंगी कधी ना कधी इंद्र होती. ब्रह्मांडं असंख्य आणि इंद्रही असंख्य. इंद्राची मान खाली जाते.

पण इथे थोडं थांबा. 'म्हणजे आपल्या पुराणांना परग्रहवासी आधीच ठाऊक होते' असं कोणी मोबाइलवर पाठवलं, तर लगेच पुढे ढकलू नका. पुराणातले लोक म्हणजे दुर्बिणीतून दिसणारे ग्रह नव्हेत. ती गोष्ट इंद्राचा ताठा उतरवायला सांगितली आहे, आकाशाची मोजणी करायला नाही. ब्रूस्टर यांनी ग्रंथावरून गुरूवर वस्ती बसवली, ती जशी टिकली नाही, तशी ही पण टिकायची नाही.

हे वर्गात बोलले म्हणून एका पालकांनी वहीत चिठ्ठी पाठवली: 'देवाधर्माचं शाळेत नको.' त्यांची काळजी मला कळते. कोणी कशावर विश्वास ठेवावा, हे मी सांगायचं नाही, सांगतही नाही. पण कोणी काय मानलं आणि का मानलं, हे सांगायला हवं. नाहीतर मुलं ते भलत्या ठिकाणाहून उचलतात.

पालकांसाठी आणखी एक. २००८ साली अमेरिकेतले धर्मशास्त्राचे प्राध्यापक टेड पीटर्स यांनी निरनिराळ्या धर्मांच्या तेराशेहून जास्त लोकांना विचारलं, की परग्रहवासी सापडले तर तुमची श्रद्धा ढासळेल का? बहुतेक म्हणाले, छे, आमची नाही ढासळायची. पण इतरांच्या धर्माबद्दल मात्र त्यांना तेवढी खात्री नव्हती!

तुम्हीही घरी विचारून बघा. आजी-आजोबांना, आई-बाबांना, जमलं तर दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यांनाही. प्रश्न एकच: बाहेर कोणी सापडलं, तर तुमच्या देवाला ते कोण लागतील? उत्तर त्यांच्याच शब्दांत, पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहून पाठवा. निवडक उत्तरं याच पानावर येतील. आणि हो, स्वतःची इयत्ता लिहायला विसरू नका, गेल्या खेपेला निम्म्या पत्रांवर नव्हती.