भेटीची वेळ संपली!

दिवाळीच्या अंकात आयसीयूचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण फराळाला जमलेले कोणतेही कुटुंब घ्या. त्या काचेच्या दाराबाहेर बाकावर रात्र काढलेला एक तरी माणूस त्यात निघतोच. बाहेरच्यांचे हाल सगळेच सांगतात. मी आतला. गेल्या पावसाळ्यात नऊ दिवस तिथे होतो, आणि डॉक्टरांनी मला वाचवले हे आधीच सांगून टाकतो. मग कृतघ्न म्हणायला कुणाला जागा नको.

माझे भांडण औषधांशी नाही, रिवाजाशी आहे. माणूस आत गेला की त्याचा चष्मा, कवळी, घड्याळ पिशवीत घालून घरच्यांच्या हवाली करतात. खिडकी नाही. दिवे रात्रंदिवस जळतात, कुठले ना कुठले यंत्र सारखे ओरडत असते. घशात नळी, म्हणून बोलणे बंद. ती ओढून काढू नये म्हणून हात कठड्याला बांधलेले. तिसऱ्या दिवशी मला छतावर मुंग्यांची रांग दिसू लागली, आणि सिस्टर सुई भरते आहे ती मला मारायलाच, अशी माझी खात्री झाली. आपल्या आज्या याला ‘वात झाला’ म्हणत. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. चष्मा द्या, कानाचे यंत्र द्या, समोर घड्याळ लावा, रात्री दिवे मंद करा, हे त्यांच्याच पुस्तकांत लिहिलेले आहे. या उपायांचे बिल होत नाही, एवढाच त्यांचा दोष असावा.

आणि घरची माणसे? सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा. सौ. कानाशी येऊन सांगे, ‘अहो, आज गुरुवार. पाऊस लागलाय. गॅस आला.’ गॅस आला! त्या दोन शब्दांनी मला घर परत मिळे. तेवढ्यात रखवालदार हाक मारी : वेळ संपली!

जंतू येतात, गर्दी होते, असे उत्तर मिळते. गर्दीचे खरे आहे. आपल्याकडे एक आजारी पडला की अर्धी चाळ लोटते. पण एका माणसाची गर्दी होत नाही. ब्राझीलमधल्या ३६ विभागांत रोज बारा तासांपर्यंत भेटू देऊन पाहिले. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. वात कमी झाला असे ठामपणे दिसले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण जंतुसंसर्गही वाढला नाही, आणि नातेवाइकांची चिंता उतरली.

शिवाय या विभागाचा जन्मच माणसाच्या हातांतून झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास बंद पडलेल्या रुग्णांना यंत्रे पुरेनात. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या युक्तीने सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून उशाशी बसले आणि रबरी पिशवी हाताने दाबून त्यांना श्वास देत राहिले. यंत्रे आल्यावर तो हात मोकळा झाला. म्हणून उशाजवळची खुर्चीही उचलायची?

तेव्हा वाचकहो, कधी कुणाला आत न्यावे लागलेच, तर ती चष्म्याची पिशवी मुकाट घरी आणू नका. सिस्टरच्या हाती द्या, शुद्धीवर येताच डोळ्यांवर चढवायला सांगा. उशाशी एका माणसाला बसू देणार नसाल तर कारण लेखी द्या, असेही विचारा.