भीमाची बोटं, घिसूची दारू आणि चोरलेली जात

"कथा-कादंबऱ्या वाचून काय होणार? त्यापेक्षा बाबासाहेबांचे खंड वाचा," असे आम्हाला चळवळीतलेच कार्यकर्ते ऐकवतात. खंड वाचलेच पाहिजेत, त्याबद्दल वादच नाही. पण गेल्या काही महिन्यांत आम्ही तीन कथा लागोपाठ वाचल्या आणि आमचे मत पक्के झाले. ललित साहित्याला 'टाइमपास' समजून बाजूला सारणे आंबेडकरी चळवळीला परवडणारे नाही.

पहिली कथा प्रेमचंदांची 'कफन'. घिसू आणि माधव हे चांभार कुटुंबातले बाप-लेक. झोपडीत माधवची बायको बुधिया बाळंतपणात तडफडते आहे आणि हे दोघे बाहेर शेकोटीपाशी भाजलेले बटाटे खात आहेत. आत कोणी जात नाही, कारण आपण आत गेलो तर दुसरा जास्त बटाटे खाईल ही भीती. बुधिया मरते. कफनासाठी गोळा केलेल्या पैशांची दोघे दारू पितात.

कथा थोर आहे असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. मेहनत करणाऱ्यांची अवस्थाही काही बरी नसेल तर यांनी कशासाठी राबावे, हा प्रश्न प्रेमचंद स्वतः विचारतात, हेही आम्ही मान्य करतो. तरीही आमचा सवाल उरतोच. या व्यवस्थेने माणूस किती पोखरला हे दाखवायला लेखकाला चांभाराचेच घर का सापडले? आणि त्या घरात मरणाऱ्या बाईच्या वेदनेपाशी कुणीच का बसले नाही? आमच्या वस्तीत बाळंतीण अडली की शेजारच्या चार बायका धावतात. हे ज्याने आतून पाहिले आहे त्याला ती झोपडी इतकी एकटी दिसली नसती. हिंदीतल्या दलित समीक्षकांनी या कथेवर आक्षेप घेतले, ते उगाच नव्हेत.

दुसरी कथा अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. इथेही भूक आहे, मढे आहे आणि मढ्यावर जगणारा माणूस आहे. पण हा भीमा आळशी नाही. पोट भरायला तो गाव सोडून मुंबईत आला, खाणीत राबला. खाण बंद पडली तेव्हा तो स्मशानातली राख चाळून सोने शोधू लागला, मग पुरलेली मढी उकरू लागला. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेताच्या तोंडात हात घालतो. जबडा मिटतो आणि भीमाची बोटे जातात. त्यानंतर कळते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होते आहे.

बघा, हीच ती नजर! 'कफन' वाचून वाचक म्हणतो, "माणूस किती खालच्या थराला जातो!" अण्णाभाऊ वाचून तो विचारतो, "याचे काम कुणी हिरावले?" पहिल्या प्रश्नाचा रोख माणसावर आहे, दुसऱ्याचा व्यवस्थेवर. हा फरक नुसत्या शैलीचा नाही. कोण कुठे उभा राहून पाहतो, त्याचा आहे.

तिसरी कथा बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. याच नावाचा संग्रह १९६३ साली आला. गुजरातमध्ये उधन्याला रेल्वेत नोकरीला गेलेला तरुण जात लपवून राहतो. उघडकीला आल्यावर त्याला मार पडतो. त्याला सोडवायला येतो तो जात न लपवणारा काशीनाथ. ही कथा वाचताना आम्हाला बाबासाहेबांचा बडोद्यातला अनुभव आठवला. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना तिथे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथूनही हाकलले. तेच राज्य, तेच कारण. मधे जवळपास अर्धे शतक गेले, संविधान आले, तरी खोली मिळायला जात चोरावीच लागते!

ही कथा आम्ही विहारात तरुण मुलांसमोर मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग शहरात नोकरी करणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "घरमालकाला मी आडनाव सांगत नाही, नुसतं नाव सांगतो." त्याच्यामागून आणखी दोघे बोलले. अॅट्रॉसिटी कायद्यावर आम्ही कित्येक व्याख्याने ठेवली. त्यात ही मुले कधी तोंड उघडत नव्हती. एका कथेने ती बोलती झाली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. प्रस्थापित वाचकाला आमच्याकडून फक्त आत्मकथन हवे असते. आम्ही रडावे आणि त्यांनी हळहळावे! आत्मकथनांचे मोल आम्ही जाणतो, पण कल्पना करण्याचा हक्क आम्ही कुणाला का द्यावा? अण्णाभाऊंनी आणि बागुलांनी तो कुणाला विचारून घेतला नव्हता.

येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाल तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवरून खंडासोबत एक कथासंग्रहही घ्या. घरी आणून एकट्याने वाचू नका, वस्तीत मोठ्याने वाचा. कोण गप्प होते आणि कोण बोलू लागते, ते पाहा. चळवळीचे पुढचे काम तिथूनच सुरू होईल.

जय भीम!