खुर्ची सांभाळा!

राजकारणाबद्दल नाही हो, मी बोलतेय तुमच्या टेरेसवरच्या खुर्चीबद्दल! ज्या ‘अटॅच्ड टेरेस’च्या प्रेमात पडून तुम्ही फ्लॅट घेतलात, वेताचा झोपाळा आणलात, रंगीबेरंगी कुशन्स मांडलीत, तिथे हल्ली कुणी बसतं का? पावसाळा संपला, ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि कुशन उचललं की कुबट वास! घराघरांतली स्टोरी सेमच आहे.

मंडळी, एक गैरसमज आधी दूर करू या. बाहेरच्या फर्निचरचा खरा शत्रू पाऊस नाही, तर अडकलेला ओलावा. पाणी आलं आणि निघून गेलं तर फारसं बिघडत नाही. ते मुक्कामाला राहिलं की बुरशी आणि गंज मागोमाग हजर. म्हणूनच जूनमध्ये मोठ्या काळजीनं घट्ट गुंडाळलेली निळी ताडपत्री घात करते. आत हवा खेळत नाही आणि वर पाण्याचं तळं! डेंग्यूच्या डासाला अंड्यातून निघून उडायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. तेव्हा कव्हर घाला, पण खालून हवेला वाट ठेवा आणि साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी झटकून टाका.

आता कुशन्स. चेन उघडून खोळ काढा आणि साध्या पाण्यात लिक्विड सोपनं धुवा. फोम पिळायचा नाही, फाटतो. दाबून दाबून पाणी काढा आणि कडेवर उभा करून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात तो पिवळा पडतो आणि पुढे त्याचा भुगा होतो. आतून खडखडीत वाळेपर्यंत खोळ चढवायची घाई नको. बुरशीचे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं लावा, अर्ध्या तासानं मऊ ब्रशनं घासा. रंग जातो का, ते आधी एका कोपऱ्यावर बघा. आणि प्लीज, ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

नवीन खोळी घेणार? मग काकडी आणि गाजर आठवा. काकडीचा हिरवा रंग सालीपुरता, गाजर मात्र आतपर्यंत गाजरच! साधं छापील कापड काकडीसारखं, उन्हात लवकर विटतं. ‘सोल्यूशन-डाइड’ अ‍ॅक्रिलिकमध्ये धागा बनतानाच रंग मिसळलेला असतो, म्हणून तो टिकतो. महाग पडतं, पण दर वर्षी नव्या खोळी शिवण्यापेक्षा बरं.

खुर्च्यांचं म्हणाल, तर वेत ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. उन्हात तो ठिसूळ होतो. लोखंडावर गंजाचा ठिपका दिसला की पॉलिश पेपरनं घासून रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर ऑइल पेंट. पायांची रबरी टोपणं काढून बघायला विसरू नका, पाणी तिथेच दडून बसतं. सागवान करडं पडलं तर घाबरू नका. तो उन्हाचा परिणाम आहे, लाकूड कुजलेलं नाही.

आता जरा सीरियस. कबुतरं! २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले, प्रकरण हायकोर्टात गेलं, ऑगस्टमध्ये दादरला घातलेली ताडपत्री आंदोलकांनी फाडली. त्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा, पण खुर्चीवरची वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूनं झाडू नका. तिची धूळ वारंवार श्वासात गेली, तर काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. दुर्लक्ष झालं तर फुफ्फुसांवर कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून घराचं दार लावा, मास्क आणि ग्लोव्हज घाला, साबणाचं पाणी शिंपडून १० मिनिटं थांबा, मग जुन्या फडक्यानं पुसून थेट पिशवीत टाका.

आणि हे काम करतं कोण? आपण लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणतो, “मावशी, तेवढं टेरेस झाडून घ्या हं!” त्या पदर नाकाला लावतात आणि कोरडा झाडू घेतात. असं दिवसाला चार-पाच घरांत. कुशनवर दोन हजार घालवणाऱ्या आपल्याला एक चांगला मास्क त्यांना देणं जड नाही. त्याहून बरं म्हणजे हे एवढं काम आपणच करावं. आणि कबुतरांची जाळी बसवून घ्यावी.

सगळं मिळून रविवारचे दोन तास. शहरात उघड्या आभाळाखाली बसायला स्वतःची चार फूट जागा मिळणं किती अवघड आहे, ते हप्ता भरताना कळतंच. मग ती जागा कपडे वाळत घालण्यापुरती कशाला ठेवायची? या रविवारी काढताय ना कुशन्स बाहेर?